आवाज नको, फक्त तोंड हलवा

“आठ्या कमी दिल्यात पोराने,” वासुदेव दिनानाथरावांच्या कानाशी पुटपुटले. “मिल थांबायच्या आधीचा दिसतोयस.”

समोर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पोराने घडवलेला दिनानाथरावांचा चेहरा निपचित होता. मागे चहा घेऊन उभ्या प्रेमलताबाईंनी ऐकलं. ‘थांबायच्या’. वा! जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात ‘बंद’ हा शब्द कुणी काढत नसे. गेटच्या कुलपातून गवत उगवलं, तरी मिल आपली थांबलेली, फाटकापाशी तांगा थांबावा तशी. दिनानाथराव रोज दाढी करून गेटपर्यंत जाऊन येत. पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात त्यांच्यासाठी स्टोअरकीपरची जागा धरून ठेवली होती. सोमवारी हो की नाही, जबाब द्यायचा होता. “आणि मिलचा भोंगा झाला तर?” ते विचारत. प्रेमलताबाई मग पोहे भिजवत.

देश खुला झाला, असं टीव्ही सांगे. त्या खुलेपणात त्यांचा नीरज कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे करायला शिकला. घरात आहेत ती माणसं रिकामी बसलीत, आणि हा नवीन घडवतोय! कोर्सच्या शेवटी बोलता चेहरा करून दाखवायचा होता. त्याने बापाचंच शूटिंग केलं. “बाबा, आवाज नको, फक्त तोंड हलवा. कुछ भी चलेगा.” मग बसला ओठ, पापण्या, भुवया हुबेहूब उतरवत.

आज बघायला बापाचे मिलमधले सोबती आले होते, वासुदेव आणि लक्ष्मण. नीरजने बटण दाबलं. चेहऱ्याने भुवया उचलल्या, ओठ हलवले.

यंत्रमागांच्या खडखडाटात हयात घालवलेली माणसं ती. तिथे शेजारच्याचा आवाज पोचत नसे. सगळे ओठांवरून बोलणं वाचत. वासुदेवांचा घास हातातच राहिला. लक्ष्मण चष्मा पुसू लागले.

“लिप्स नॅचरल आहेत ना, काका?”

“एकदम नॅचरल,” लक्ष्मण फरशीला म्हणाले.

“काय म्हणतोय तो?” प्रेमलताबाईंनी विचारलं. “मी नव्हते बाई मिलमध्ये. मला ऐकू येईल असं सांगा.”

“शेव फार छान आहे, वहिनी.”

“शेवेचं नाही विचारलं, भावजी.”

चेहरा पुन्हा पहिल्यापासून तेच बोलू लागला. दिनानाथराव त्याच्याकडे बघत राहिले. मग हातातली बशी त्यांनी खाली ठेवली.

“मिल बंद झाली, प्रेमलता,” स्क्रीनवरच्या ओठांबरोबर ते म्हणाले. “आता नाही उघडणार.”