दुप्पट मोजलेला पाऊस

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या अंगणात, तारेच्या कुंपणात, गुडघ्याएवढ्या उंचीचं पत्र्याचं एक नळकांडं उभं आहे. येणारेजाणारे त्याला कचऱ्याचा डबा समजतात. एकाने तर मला केळ्याचं सालही खाऊ घातलं. ते नळकांडं म्हणजे मी, एक जुना पर्जन्यमापक. वय एकसष्ट.

माझ्या तोंडाची पितळी कड एका म्हाताऱ्या कारागिराने तीनतीनदा घासली होती. "तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरच भरलं पाहिजे, केसभर इकडेतिकडे नको," असं तो पुटपुटायचा. तेव्हा मला त्याचा कंटाळा आला होता.

मग मला इथे आणून रोवलं. आडोशाने पाऊस अडतो, म्हणून माझ्याजवळ झाड नको, भिंत नको, काही नको असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. पण एकसष्ट वर्षं शेजार नाही, साधी सावलीसुद्धा नाही. पाखरं येतात ती घाण करण्यापुरती. खरं सांगतो, फार एकटं वाटतं.

दिवसातून एकदा मात्र माझ्याकडे माणूस यायचा. दवाखान्यातले कंपाउंडर सकाळी साडेआठला यायचे, माझं नरसाळं उचलायचे, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे आणि आकडा वहीत लिहायचे. तेहतीस वर्षांत त्यांची वेळ चुकली नाही. लोकांनी त्यांचं नावच 'साडेआठ' ठेवलं होतं. पाऊस नसला तरी ते यायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "जागा रिकामी सोडली तर मी आलो नाही असा अर्थ होतो. शून्य लिहिलं तर मी आलो, पाऊस आला नाही!"

हे आकडे हवामान खात्याच्या मुख्य कचेरीत जायचे. मित्रांनो, दुष्काळ नुसतं आकाशाकडे बघून ठरत नाही. नेहमी किती पडतो आणि यंदा किती पडला, हे ताडून पाहावं लागतं. त्या 'नेहमी'साठी माझ्यासारखे शेकडो मापक देशभर वर्षानुवर्षं उभे असतात. मग कचेरी नकाशा रंगवते. कोरडा भाग तपकिरी, ओला भाग हिरवा. तपकिरी गावांना पाण्याचे टँकर मिळतात. पंचवीस वर्षं एकही जागा रिकामी न सोडल्याबद्दल साडेआठांना कचेरीचं प्रशस्तिपत्रक मिळालं. ते दवाखान्याच्या भिंतीवर लागलं. माझं नाव त्यात नव्हतं, असो.

एके दिवशी त्यांच्या हातून मोजपात्र फुटलं. कचेरीने नवं पाठवलं, अगदी चकचकीत. पण ते माझं नव्हतंच. माझ्याहून निम्म्या तोंडाच्या लहान मापकाचं होतं. पाठवणाऱ्याने पाहिलं नाही, घेणाऱ्याने वाचलं नाही. त्यात माझं पाणी ओतलं की पाऊस दुप्पट दिसायचा. मला पहिल्याच सरीला कळलं. पण मला तोंड आहे ते फक्त पाणी घ्यायला.

पुढची दोन वर्षं पाऊस नेहमीच्या निम्माच पडला. वहीत मात्र तो पुरेपूर भरत राहिला. शेजारची गावं तपकिरी झाली, तिथे टँकर सुरू झाले. आम्ही हिरवेगार!

साडेआठांची लेक त्याच दवाखान्यात परिचारिका होती. एका सकाळी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाबा, विहिरीत बादली तळाला खडखडतेय. नकाशात आपण हिरवे कसे?"

"अगं, मी रोज मोजतोय ना! आकडा चुकत नसतो."

"मग विहीर चुकली का?"

 लेकीने तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा बिस्किटांचा एक डबा गच्चीवर उघडा ठेवला. पुढची सर आली तेव्हा डब्यात पट्टीने सात मिलिमीटर भरले, आमच्या पात्रात चौदा. "डब्याला पोचा असेल," ते म्हणाले. त्यानंतरच्या सरीलाही नेमकं निम्मंच भरलं. मग त्यांनी चष्मा पुसला, पात्र उलटं करून बुडावरची बारीक अक्षरं वाचली, आणि माझ्याशेजारी ओल्या जमिनीवर मटकन बसले. माझ्याजवळ कोणी बसण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या क्षणीही मला बरं वाटलं, याची लाज वाटते.

पात्र गुपचूप बदलता आलं असतं. कोणाला पत्ताही लागला नसता. पण मग मागची दोन वर्षं हिरवीच राहिली असती आणि गावाला थेंब मिळाला नसता. त्यांनी दोन वर्षांचा प्रत्येक आकडा लाल शाईने निम्मा केला, खाली 'चूक माझी' असं लिहून सही केली आणि पाकीट कचेरीला पाठवलं. भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक स्वतःच्या हाताने उतरवलं.

पंधरा दिवसांत आम्ही तपकिरी झालो. दवाखान्याच्या फाटकाशी टँकर आला. मी कुंपणातून पाहत होतो. तोवर गावभर झालं होतं, की या साडेआठने आपल्याला दोन वर्षं तहानलेलं ठेवलं. ते बादली घेऊन रांगेपाशी आले. एकीने आपली कळशी पुढे सरकवून मधली फट बुजवली. ते शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली आणि टँकर संपला. रिकामी बादली घेऊन ते माझ्याकडे आले. आकाश निरभ्र होतं. तरी त्यांनी नरसाळं उचललं, बाटली पाहिली आणि वहीत शून्य लिहिलं.

पुढे कचेरीने दुसरीकडे आपोआप मोजणारं यंत्र बसवलं आणि त्यांचं येणं थांबलं. आता पाऊस पडतो, मी भरतो, वाहून जातो.

मित्रांनो, माझ्यात साल टाकू नका, एवढं माझ्यापुरतं मागणं. दुसरं मागणं त्यांच्यासाठी आहे. त्यांनी चूक सांगितली नसती तर टँकर आलाच नसता, हे त्या रांगेत एकालाही सुचलं नाही. तुमच्या रांगेत असा कोणी आला तर थोडं मागे सरा आणि त्याला पुढे घ्या.