उलटा हात

टेस्टरकाकांनी उजव्या हाताची बोटं उलटी करून टॉवेलच्या स्टीलच्या दांडीला टेकवली आणि डोळे मिटले. नाडी बघावी तशी थोडी वाट पाहिली. मग दांडीवर दोनदा टिचकी मारली.

"काही नाही," ते म्हणाले. "ठणठणीत आहे सगळं."

बाथरूमच्या दारात तिघी उभ्या होत्या. नुकतीच फरशी धुऊन ओल्या पायांनी थांबलेली त्यांची मुलगी, तिचा कुर्ता घट्ट धरून चार वर्षांची नात, आणि खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेली, या घराचं नवं वायरिंग केलेली वायरमन बाई.

"चावते ती," नात म्हणाली.

"दांडीला दात असतात का गं?" काका हसले.

नात हसली नाही. घराचं काम होऊन आठ दिवस झाले होते, आणि त्यातले चार दिवस तिने आंघोळीला या दारातून आत पाऊल टाकलं नव्हतं. तिला बादली घेऊन गॅलरीत आंघोळ घालावी लागत होती. शिवाय आंघोळीच्या वेळी घरातली वीज जायची. वायरमन बाईने मुख्य बोर्डात एक जादा स्विच बसवला होता, कुठे वीज गळली की आपोआप पडणारा. तो रोज पडायचा. बाईचं म्हणणं, भिंतीत कुठेतरी गळती आहे, टाइल्स उघडून बघायला हव्यात. जावई त्याला तयार होईना, कारण टाइल्स त्याने महिनाभर दुकानं पालथी घालून निवडल्या होत्या. मग मुलीने वडिलांना बोलावलं. काकांनी काल सगळं घर हाताखालून घातलं, तो नवा स्विच नाजूक आहे असा निकाल दिला आणि त्याला बाजूला ठेवून वायर सरळ जोडून टाकली. वीज जायची थांबली. जावई खूश झाला.

हे कळल्यावर वायरमन बाई आज हातातलं काम टाकून आली होती.

"काका, तुम्ही मोठे आहात, पण स्विच उगाच पडत नाही," ती म्हणाली. "मला मीटर लावू द्या."

"लावा की. कोण नाही म्हणतंय?" काकांनी बाजूला होत तिला वाट दिली, पण चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं. "आमच्या वेळी मीटर साहेबांकडे असायचा. आम्ही याच्यावर घरं उभी केली." त्यांनी बोटं हलवून दाखवली.

ही नुसती बढाई नव्हती. खिशात कधी टेस्टर नसायचा, म्हणून तर धंद्यात त्यांना टेस्टरकाका म्हणायचे. पायात जाड रबरी चपला आणि उलटा हात, एवढंच त्यांचं सामान. चपला असूनही बोटांना बारीक मुंग्या यायच्या, आणि त्या मुंग्यांवरून ते वायर कुठे सोलली आहे ते सांगायचे. उलटाच हात का, तर झटक्याने मूठ आवळते. सरळ हात तारेला धरून बसतो, उलटा निदान सुटतो. हे त्यांनी मुलीला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाकडे नवं काम झालं की काकांना बोलावणं यायचं. त्यांचा हात फिरला की घर पास. चहाखेरीज ते कुणाकडून काही घेत नसत, आणि लोकांना त्यांचा शब्द पुरे होता.

वायरमन बाई पिशवीतून मीटर काढून त्याच्या गुंतलेल्या वायरी सोडवायला लागली. काकांना तेवढाही धीर नव्हता.

"पोरीच्या मनातली भीती मीटरने जायची नाही," ते मुलीला म्हणाले. "तू लाव हात. आईने लावलेला बघितला की तीही लावेल. काय गं छबे, लावशील ना?"

नातीने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि होकाराची मान डोलावली.

"ताई, थांबा," बाई म्हणाली.

पण मुलीने वडिलांच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. ती ओल्या पायांनी पुढे झाली. लहानपणीच्या सवयीने तिची बोटं आपोआप उलटी झाली.

किंकाळी अशी आलीच नाही. घशातून एक तुटका आवाज आला, हात मागे उडाला आणि ती दाराच्या चौकटीवर आपटून खाली बसली. बादली कलंडली. वायरमन बाईने मीटर टाकून बोर्डाकडे धाव घेतली आणि मेन बंद केला. नात रडायचंसुद्धा विसरली.

काका होते तिथेच उभे होते. पुढचा हात नातीचा होता, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

मुलीला श्वास मिळाला. बाईने तिला पाणी दिलं, छातीत दुखतंय का, धडधडतंय का विचारलं, दवाखान्यात जाऊन यायचं असं बजावलं. मग दांडीचा स्क्रू काढला. रविवारी जावयाने हौसेने स्वतः ठोकलेल्या दांडीचा तो स्क्रू, टोकाला काळा पडलेला आणि तांब्याच्या कणांनी माखलेला. भिंतीतल्या वायरच्या बरोबर पोटात गेला होता.

"मला कसं लागलं नाही?" काका म्हणाले. "चपला... हो, चपला होत्या ना पायात."

"बाबा, चपला नेहमीच असतात," मुलगी म्हणाली. "परवा उकळत्या चहाचा पेला धरून बसला होतात. फोड आल्यावर मी दाखवला तुम्हाला."

"अगं, कष्टाचे हात आहेत. कातडी जाड."

तिने कुर्त्याची सेफ्टी पिन काढली. "बसा इथे. डोळे मिटा."

"काय पोरखेळ लावलाय?"

"मिटा म्हणते ना."

काका दारातल्या स्टुलावर बसले. त्यांनी हात पुढे केला आणि डोळे मिटले. घरात वीज नसल्यामुळे पंखासुद्धा बंद होता. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला.

"अगं, टोच ना!" ते वैतागून म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. पिन त्यांच्या बोटात रुतलेली होती आणि रक्ताचा थेंब ओघळून तळहातापर्यंत आला होता. मुलगी आवाज न करता रडत होती.

काका त्या रक्ताकडे बघत राहिले. ते आपलं आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. तिने पिन टोचली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"दवाखान्यात आपण दोघंही जाऊ," मुलगी म्हणाली. "चला, उठा."

काका उठले नाहीत. त्यांनी वायरमन बाईकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"वही आहे का तुमच्याकडे? लिहा," ते म्हणाले. "बेकरीच्या वरचा मजला. थंडीच्या आधी पास केला मी. मग शिंपीणबाईंचं तळघर. कोपऱ्यावरच्या मास्तरांचं स्वयंपाकघर. तिथे फ्रीजला हात लावून चांगलं आहे म्हणालो होतो." ते बोटं दुमडत मोजत होते आणि बाई लिहीत होती. पाचव्या घरापाशी ते अडखळले.

"खोडा ते सगळं," ते म्हणाले. "आधी पाळणाघर. गेल्या महिन्यात पास केलंय मी."

बाईने खाली पडलेला मीटर उचलला. "किती वाजता सुटतं?"

"सहाला," काका म्हणाले. "आत्ता भरलेलं असेल."