चार बोटांचं अंतर

मी एक जुना पंजा आहे. वाघाचा नव्हे, आणि मतपत्रिकेवरचा तर मुळीच नव्हे. बॉक्सिंग शिकवणारा माणूस जी कातड्याची जाड गादी हातात घालतो आणि शिकणारा जिच्यावर ठोसे मारतो, ती गादी म्हणजे मी. शहरात मला पॅड म्हणतात. आमच्या गावात ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून पंजाच म्हणतात. मी उजव्या हाताचा. डाव्या हाताचा माझा जोडीदार उंदरांनी कुरतडून संपवला. त्यामुळे आता सांगायला मी एकटाच उरलो आहे.

मित्रांनो, माझा जन्म मार खाण्यासाठीच झाला, तेव्हा माराचं दुःख मला कधी झालं नाही. दुःख वेगळंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही.

१९९३ साली जोतीराम हवालदार पलटणीतून पेन्शनीत आले. गाव कोरेगावच्या अंगाला, उसातलं. घरात पत्नी लीलाबाई आणि अठरा वर्षांचा मुलगा जयराज. पलटणीत जोतीराम बॉक्सिंग खेळलेले. नाकाचं हाड दोनदा मोडलेलं, त्यामुळे ते बोलले की नाकातून शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. जयराजला लहानपणापासून एकच वेड, बापासारखं फौजेत जायचं. पण भरतीच्या मैदानावर मोजपट्टीनं घात केला. उंचीत पोरगा बोटभर कमी भरला. साहेबानं पाठीवर थाप मारली आणि रांगेबाहेर काढलं.

त्या दिवशी जोतीरामांनी त्याला सांगितलेलं मी पुढे शंभरदा ऐकलं. "खेळाडूला उंचीत सवलत असती, जया. ठोसा शीक. विभागाला जितलास, राज्याला खेळलास की पलटण तुला उचलून न्हील. एकविसाच्या आत तेवढं कर."

एकविसाच्या आत. तीन वर्षं हातात होती.

दुसऱ्याच आठवड्यात जोतीराम साताऱ्याला बाळासोच्या दुकानात गेले. बाळासो चपला शिवायचा, बैलांचे पट्टेही करायचा. जोतीरामांनी कागदावर स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलीनं आकार काढला.

"ह्ये कशापायी, हवालदार?" बाळासोनं विचारलं.

"मार खायाला."

बाळासो हसून लोळायचाच बाकी राहिला. पण काम त्यानं मन लावून केलं. वरून म्हशीचं कातडं, आत चपलेच्या रबराचा थर आणि त्याच्याही आत जोतीरामांनी घरून आणलेलं पलटणीचं जुनं कांबळं, चौपदरी घडी करून. माझ्या पोटात अजून ते कांबळं आहे. शेवटचा टाका मारून त्यानं माझ्यावर स्वतःच एक बुक्की हाणली आणि हात झटकत म्हणाला, "मरस्तोवर फाटायचा न्हाई बगा!"

त्या वर्षी खंडेनवमीला लीलाबाईंनी विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्या ओळीत आम्हा दोघांना पाटावर मांडलं आणि बरोबर मध्यभागी हळदीकुंकवाचं बोट लावलं. कातड्यात ते कुंकू असं मुरलं की गेलंच नाही. जयराजला नेम धरायला आयता ठिपका मिळाला. दर वर्षी लीलाबाई त्याच जागी नवं बोट लावायच्या.

पहाटे गोठ्यापुढच्या अंगणात सराव चाले. फौजेतली सवय म्हणून जोतीराम आकडे हिंदीत पुकारायचे. "एक!" म्हटलं की जयराजचा डावा हात माझ्यावर यायचा. "दो!" म्हटलं की उजवा हात माझ्या जोडीदारावर. एक-दो, एक-एक-दो. तालमीतली पोरं दात घासत बघायला यायची आणि चेष्टा करायची, "हात गुंडाळून कसली रं कुस्ती ही, गड्या?" जयराज ऐकून घ्यायचा आणि आणखी जोरात हाणायचा. काय पोरगा होता! घामानं निथळायचा, पण "बास" हा शब्द कधी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

मग एक दिवस नको ते झालं. ठोसा जरा तिरपा बसला आणि जयराजचं मनगट मुरगळलं. टम्म सुजलं. लीलाबाई धारेची चरवी तशीच ठेवून धावत आल्या.

"आवं, पोराचा हात मोडता काय? फौज ऱ्हाऊं द्या, पोरगं धड ऱ्हाऊं द्या मला!"

जोतीरामांनी मनगटाला हळदीचा लेप लावून फडकं बांधलं. पंधरा दिवसांनी सराव पुन्हा सुरू झाला, तेव्हा मला फरक कळला. ठोसा निघाला की जोतीरामांचा हात आपणहून पुढे यायचा. फार नाही, चार बोटं. ठोशाला अर्ध्या वाटेवर गाठायचा, झेलायचा आणि अलगद मागे न्यायचा. त्यामुळे मनगटाला दणका बसत नसे. वर आवाज असा निघायचा, फट्ट! सगळ्या आळीत घुमायचा.

जोतीरामांना यात काही वावगं वाटलं नाही. ते मूळचे तालमीतले. आमच्याकडे तालमीत मोठा पैलवान लहानग्याबरोबर खेळताना आपणहून पुढे होऊन त्याला पट काढू देतो, पडतोसुद्धा. पोराला उचलायची गोडी लागावी, भीड चेपावी म्हणून. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच खेळवलं होतं. कुस्तीत अंगाला अंग भिडलेलंच असतं, तिथं ते खपून जातं. पण बॉक्सिंग हा सगळा अंतराचा खेळ. समोरचा माणूस काही मायेनं चार बोटं पुढे येत नाही.

हे मला कळत होतं, मित्रांनो. रोज शंभरदा कळत होतं. कारण पुढे जाणारा मीच होतो. पण पंजाला कुठे तोंड असतं?

गोठ्यातून लीलाबाई आवाज ऐकायच्या आणि खुशीत म्हणायच्या, "आज आवाज बेस हाय!" ते ऐकून बाप-लेक दोघंही हसायचे. अडीच वर्षं अशी गेली. आता वाटतं, आमच्या घरातले तेच सुखाचे दिवस होते.

१९९५ च्या डिसेंबरात सांगलीला विभागाची स्पर्धा भरली. जयराजला एकविसावं लागलेलं. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेआधी एकविसावं उलटणार होतं, म्हणजे ही एकच संधी. लीलाबाईंनी दशम्या बांधून दिल्या. बाप-लेक पहाटेच्या एसटीनं निघाले आणि पिशवीत आम्ही दोघं.

लढतीच्या आधी हॉलच्या कोपऱ्यात जोतीरामांनी आम्हाला हातात चढवलं आणि जयराजचं अंग गरम करून घेतलं. फट्ट, फट्ट! लोक माना वळवून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "साताऱ्याचं पोरगं लय जड हाय." जोतीरामांची छाती फुगली. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

घंटा झाली. समोरचा पोरगा जयराजच्याच उंचीचा, अंगानं थोडा किरकोळच. जयराजनं पहिला डावा फेकला, अगदी सरळ, अगदी वेळेवर. आणि तो हवेत थांबला. त्या पोराच्या नाकापासून चार बोटं अलीकडे.

दुसराही तसाच. उजवा टाकला, तोही तसाच. जयराजच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. पायरी चढताना पायरीच नसावी, तसं झालं त्याचं. समोरच्यानं ते हेरलं आणि आत शिरून मोजून मारायला सुरुवात केली. "मार! मार की रं!" जोतीराम ओरडत होते. ओरडताना त्यांचा उजवा हात, मी अजून ज्यात होतो तोच हात, नकळत पुढे-पुढे जात होता. तिसऱ्या फेरीअखेर पंचांनी समोरच्या पोराचा हात वर केला.

परतीच्या एसटीनं कराड गाठलं. मग जोतीराम खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कच खाल्लीस तू."

जयराजचा ओठ फुटलेला. तो हळूच म्हणाला, "न्हाई आबा. मी मारत हुतो. पोचतच नव्हतं. हातच आखूड हायत माझं."

"हात न्हाई आखूड. काळीज आखूड हाय. भ्यालास तू."

मित्रांनो, मी खूप मार खाल्ला आहे. पण त्या वाक्यासारखा दणका मी कधी पाहिला नाही. जयराजनं मान खाली घातली आणि साताऱ्याच्या स्टँडपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर अंगण मुकं झालं. जयराजला एकविसावं सरलं त्या दिवशी लीलाबाईंनी शिरा केला, तो कुणी खाल्ला नाही. जयराज साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर लागला. बाप-लेक एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे, पण बोलणं लीलाबाईंच्या मार्फत. "त्याला सांग, पानी सोड म्हनावं." "त्यांना सांग, सोडलंय." आणि आम्ही दोघं गोठ्यातल्या खुंटीवर. ओल लागून माझ्या कातड्याला बुरशी आली, टाके सुटू लागले. त्या वर्षी खंडेनवमीला आम्हाला पाटावर बोलावणं आलं नाही.

दीड वर्षानं एक दिवस जोतीरामांनी आम्हाला पुसलं, पिशवीत घातलं आणि साताऱ्याला धवल सर नावाच्या तरुण मास्तरांच्या कराटे वर्गात दिलं. "घरात नुसतं डोळ्यात सलत्यात," एवढंच म्हणाले.

तिथं पोरं आमच्यावर ठोसे मारायची आणि लाथाही. लाथांसाठी सरांकडे लांबट पॅडही होते, पण पोरं कुठे ऐकतात! जोतीराम निघायचे, ते दारातच रेंगाळले. जुनं वेड, पाय निघेना. धवल सरांनी मला हातात घातलं आणि एका दहा वर्षांच्या पोरीला म्हणाले, "श्रद्धा, मार लाथ." तिनं मारली. पाय माझ्या अलीकडेच थांबला. मी जागचा हललो नाही, कारण सरांचा हात हलला नाही. पोरीचा चेहरा रडवेला झाला. "सर, थोडं पुढे या ना."

सर हसून म्हणाले, "मी पुढे येणार नाही, बाळा. तू ये. मी आज पुढे आलो, तर स्पर्धेत कोण येईल?"

दारात जोतीरामांनी चौकट धरली. मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला आणि हळूच चार बोटं पुढे नेला. मागे घेतला. पुन्हा पुढे नेला. मग मटकन पायरीवर बसले. नाकातून ती शिट्टी वाजत राहिली, थांबेना. सर धावत आले, पाणी विचारलं. जोतीराम एवढंच म्हणाले, "सर, माझं पंजं मला माघारी द्या."

जयराज कारखान्यावरून आला तेव्हा दिवस मावळायचा होता. जोतीराम अंगणात आम्हाला हातात घालून उभे होते. गोठ्याच्या भिंतीला पाठ घट्ट टेकवून, कोपरंसुद्धा भिंतीला लावून. आपल्याच हातावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

"जया, मार."

दीड वर्षात पहिल्यांदाच बाप थेट बोलला होता. जयराज गोंधळला. "आता काय करायचं हाय, आबा?"

"एकदाच. तुझ्या पाया पडतो."

"आवं, काय बोलता!" जयराजनं चपला काढल्या. पाय आपोआप जागेवर गेले. शरीर विसरलं नव्हतं.

"एक!"

डावा हात आला, तस्साच, सरळ. आणि कुंकवाच्या ठिपक्यापासून चार बोटं अलीकडे हवेत थांबला. मी जिथल्या तिथं होतो. त्याचं मनगट मुरगळल्यापासून पहिल्यांदाच मी त्याच्यासाठी पुढे गेलो नव्हतो.

जयराज त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"दिसलं?" जोतीरामांचा आवाज फाटला. "तुजं हात आखूड न्हाईत. काळीज बी न्हाई. मीच फुडं येत हुतो रं, रोज, तुझं मनगट दुखू नये म्हनून. तू कच न्हाई खाल्लीस. मी शिकवाय चुकलो आनि बोल तुला लावला."

जयराजनं मुठी पुन्हा वर घेतल्या. मग त्यानं अर्धं पाऊल पुढे टाकलं. फक्त अर्धं. आणि मारला. फट्ट! अडीच वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज निघाला. माझा मधला टाका तिथंच उसवला. पलटणीच्या कांबळ्याचा धागा बाहेर आला.

"एवढंच हुतं व्हय, आबा?" जयराज म्हणाला. "अर्धं पाऊल?"

"एवढंच."

"वय गेलं की आता."

"व्हय बाळा. गेलं."

तेवढ्यात गोठ्यातून लीलाबाईंचा आवाज आला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. किती दिवसांनी आवाज ऐकला म्हणून आनंदानं त्या म्हणाल्या, "आज आवाज बेस हाय!"

अंगणात कुणी हसलं नाही. जयराजनं पुढे होऊन बापाच्या हातातून आम्हाला काढलं, आधी मला, मग जोडीदाराला. आणि बापाचं मनगट आपल्या हातात धरून तो तिथंच भिंतीशी बसला.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. जोतीराम गेल्या वर्षी गेले. जयराजनं माझा उसवलेला टाका शिवला नाही, मुद्दामच. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा पंजा तुमच्या घरात असेल तर त्याचा घाम पुसून ठेवा, त्याला ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवा. आणि ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे, त्याच्यासमोर मला हातात घालाल तेव्हा पाठ भिंतीला टेकवा. मला पुढे नेऊ नका. मी नाही म्हणू शकत नाही.