पंधरा कोऱ्या जर्सी

अंगठ्याला चिकटलेली ती खोक्यावरची चिकटपट्टी निघता निघेना. डाव्या हाताने सोलावी तर तर्जनीला, तर्जनीवरून झटकावी तर मनगटाला... आणि पट्टीवर दर दोन इंचांनी तीच लाट, दात विचकलेली, निळी म्हणावी तर हिरवी, हिरवी म्हणावी तर निळी, आणि लाटेखाली एक शब्द. सर्ज, म्हणजे उसळी. डोलोरेस वुइचिकने तो सकाळी आठ वाजता वाचला होता. बाकीच्या टोलेडो शहराला तो अकरा वाजता टीव्हीवर, धूर सोडून आणि दिवे मालवून सांगण्यात येणार होता. म्हणजे तीन तास एवढ्या मोठ्या शहरात तिला एकटीला ठाऊक होतं, की आपला संघ आता काय झाला आहे.

आपला — कसला आपला? एप्रिलपर्यंत तो टोलेडोचा होता. एक्केचाळीस वर्षं त्याचं नाव ग्लासमेन होतं आणि ते का, असं कुणी कधी विचारलं नाही, कारण ज्या गावातली निम्मी घरं काचेच्या भट्ट्यांवर जगली त्या गावाच्या बास्केटबॉलच्या संघाला दुसरं काय म्हणणार? मग मालकाने आठ ट्रक मागवले आणि संघ फ्लोरिडात टॅम्पाला नेला. ट्रक गेले त्या दिवशी लोक रस्त्याच्या कडेला नुसते उभे होते. कुणी ओरडलंसुद्धा नाही. ओरडायला हवं होतं. मी तरी ओरडायला हवं होतं, असं तिला तेव्हापासून रोज वाटत होतं.

टॅम्पाहून आलेल्या खोक्यात नंबर असलेल्या पण नावं नसलेल्या पंधरा कोऱ्या जर्सी, कापडी अक्षरांची पाकिटं, सूचनांचा एक छापील कागद आणि आर्टच्या हातची चिठ्ठी होती. आर्ट लुबेक संघाचं सामानसुमान सांभाळायचा. बूट, टॉवेल, कपडे सगळं त्याच्याकडे. तोही संघाबरोबर गेला होता. ‘डॉली, इथल्या बाईने दोन नावं वाकडी बसवली. शुक्रवारी फोटो आहेत. आज चार वाजता कुरिअरवाला तुझ्याकडे येईल. तुझ्याशिवाय भरवसा नाही.’

सव्वीस हंगाम. लग्रेंज स्ट्रीटवरच्या या दुकानात, पँटी आखूड करता करता आणि नवरीचे झगे सैल करता करता, ग्लासमेनच्या प्रत्येक खेळाडूचं नाव तिने त्याच्या पाठीवर शिवलं होतं. हंगामाच्या मध्येच एखादा खेळाडू दुसऱ्या संघाकडून घेतला जाई, तेव्हा दुपारी तीनला आर्ट धापा टाकत कोरी जर्सी घेऊन येई आणि साडेसहाला तो मुलगा नावानिशी मैदानात उतरे. अख्खं सभागृह उभं राही. शेवटचा दोरा स्टॅनच्या गाडीत, मागच्या सीटवर बसून तोडला आहे हे कुणालाच माहीत नसे. स्टॅन तिचा नवरा. तो गाडी चालवायचा आणि दर सिग्नलला म्हणायचा, घाई करू नकोस, मी लाल दिवा तोडेन, तू टाका तोडू नकोस. त्याला जाऊन आता दोन हिवाळे झाले.

अकराला पाच कमी असताना गस हालास आत आला. गस आणि स्टॅन भट्टीवर जोडीने राबले होते आणि सामन्यालाही एकशे चौदा नंबरच्या विभागात शेजारी शेजारी बसायचे. डोलोरेसने पायाने खोकं टेबलाखाली सारलं आणि वर अस्तराचं कापड टाकलं. का टाकलं? चोरी केली होती का आपण?

“लाव, लाव, सुरू झालं असेल,” गस टीव्हीकडे बघत म्हणाला. तो बसला नाही. धूर आला, ढोल आले, मग ती लाट.

“डॉली, ही लाट आहे? कुणीतरी टूथपेस्टच्या ट्यूबवर बसलंय असं वाटतंय.”

“बस ना, गस.”

“सर्ज! माझ्या घरचा फ्यूज उडतो तेव्हा वायरमन हाच शब्द वापरतो. आणि याच्यासाठी म्हणे सतरा जणांची समिती होती. सतरा माणसं, डॉली! एका कुत्र्याला विचारलं असतं तरी बरं भुंकला असता.” त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरला. “ऐक, हा टॅम्पाचाच आहे कुणी. ‘हे संघाचं नाव आहे की पोटाची तक्रार?’ बघ, त्यांनासुद्धा नकोय! नको असेल तर परत द्या ना लेको!”

तिला हसू आलं. आणि हसता हसताच राग आला, कारण एप्रनच्या खिशात ती पट्टी चुरगळलेली होती, आणि हा माणूस जे नाव आत्ता ऐकून लाल झाला होता ते तिच्याजवळ सकाळपासून मुकाट पडून होतं.

मग पडद्यावर छतापासून एक झेंडा उलगडला. ‘सर्ज. विजेते, १९८३.’

गसचा जबडा नुसता हलत राहिला. ती त्याच्याकडे बघेना.

“त्र्याऐंशी साली आपण जिंकलो तेव्हा,” शेवटी तो म्हणाला, “मी दिव्याच्या खांबावर होतो. स्टॅनने खालून माझे पाय धरले होते. टॅम्पात तेव्हा काय होतं? डास.” टोपी डोक्यावर घट्ट बसवत त्याने विचारलं, “पाच वाजता जुन्या सभागृहाच्या पार्किंगमध्ये सगळे जमतोय. आपापल्या जुन्या जर्सी जाळणार. फादर मिलोशसुद्धा येतायत, पाण्याची बादली घेऊन, पण येतायत. तू येणार ना?”

“काम आहे रे.”

“कसलं?” त्याची नजर टेबलाखाली गेली.

“चर्चच्या गायकांचे झगे.”

“ऑगस्टात?”

“मग ईस्टरला शिवू? घालायला काय तो अंडी वाटणारा ससा येणारे?”

तो हसला. दारातून वळून म्हणाला, “स्टॅन असता ना, तर पहिली काडी त्यानेच ओढली असती.”

काच थरथरली आणि तो गेला. तिने टीव्ही बंद केला, जरा जोरातच. स्टॅनने काडी ओढली असती — हा कोण सांगणार? मेलेल्या माणसाला आपल्या बाजूला उभं करणं फार सोपं असतं, तो वाद घालत नाही. आणि जाळणार म्हणजे काय जाळणार हे लोक? कापड कारखान्याचं, छातीवरचं चित्र, नवी लाट नाहीतर जुनी भट्टी, कुठल्यातरी समितीचं, पण गसच्या पाठीवरचं हालास हे नाव कुणी शिवलं होतं? मी. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला, दुहेरी टीप मारून, धुतलं तरी सुटू नये म्हणून. मालकाने नेलं ते नेलं, उरलेलं हे पेट्रोल ओतून पेटवणार, आणि वर मला बोलावणार बघायला...

तिने आर्टला फोन लावला.

“मी हे करणार नाही, आर्ट. कोऱ्याच परत पाठवतेय.”

“मला वाटलंच होतं. नावं तरी वाचलीस का गं? पोरं तीच आहेत. प्रुइट परवा विचारत होता, माझी डॉलीच शिवणार ना म्हणून.”

“तुझ्या डोक्यावरची टोपी कुठल्या रंगाची आहे आता?”

“फुकट मिळते, डॉली.”

“जा, तिथली फ्लोरिडाची संत्री खा तू.”

“संत्री महाग आहेत इथे,” तो म्हणाला, आणि तिने फोन ठेवला.

आता फक्त घड्या घालायच्या आणि खोकं बंद करायचं. तिने खोकं वर घेतलं, पहिली जर्सी पसरली. बारा नंबर, प्रुइट. सहा वर्षं तिने ही पाठ शिवली होती, पोरगा विशीचा होता, मान खाली घालून थँक यू मॅम म्हणायचा. टोपी फुकट मिळते म्हणे! फुकट मिळालेलं डोक्यावर घालायचंच असतं का? सव्वीस वर्षं माझ्याकडची कॉफी प्यायलास, स्टॅनच्या शवपेटीला खांदा दिलास, आणि एका टोपीसाठी... नाही, टोपीसाठी नाही, पगारासाठी; आणि पगारासाठी गेला म्हणून मी त्याला काय म्हणू, त्याच्या बायकोचं डायलिसिस मी थोडीच करणार आहे? पण मग कुणाला म्हणू? मालक दिसत नाही. समिती दिसत नाही. टॅम्पाचे लोक तर बिचारे स्वतःच नाव वाचून ओकतायत. ती मनातल्या मनात एकेकाला समोर उभं करून बोलत राहिली, आणि जो तो तिला काहीतरी असं उत्तर द्यायचा की पुढचं बोलणं खुंटायचं.

मशीन थांबलं तेव्हा तिला कळलं की मशीन चालू होतं.

पावणेतीन वाजले होते. प्रुइटच्या पाठीवर सहाच्या सहा इंग्रजी अक्षरं शिवून झाली होती. आणि ती कमानीत होती — मधली उंच, कडेची खांद्यांकडे उतरलेली. ग्लासमेनची नावं कायम तशीच असत, गळ्याच्या शिवणीखाली, काचेच्या फुग्यासारखी किंचित फुगलेली. छापील कागदावर पहिलीच सूचना होती : नाव सरळ ओळीत. त्याखाली जाड रेघ मारलेली होती.

ती उभी राहिली. हे असंच जाऊ दे, असं एक मन म्हणालं. शुक्रवारी फोटोत त्या दात विचकणाऱ्या लाटेच्या पाठीवर टोलेडो दिसू दे, आर्ट पहिल्या नजरेत ओळखेल. दुसरं मन म्हणालं, आर्ट ओळखेल आणि रात्री बसून उसवेल, तुझ्याइतकी सफाई नसलेल्या हाताने, आणि कापडाला भोकं पडतील. तिसरं म्हणालं, पाच वाजता हीच घेऊन जा पार्किंगमध्ये. तिन्ही मनांना तिने गप्प बसवलं. टाके बघितले. एकही वाकडा नव्हता. रागाने शिवलेले टाके असे नसतात. रागात दोरा ताणला जातो, कापड चुण्या घेतं. हे टाके निवांत होते. सव्वीस वर्षांत शिवलेल्या कुठल्याही नावापेक्षा चांगले होते.

आणि मग तिला सकाळ आठवली, खरी सकाळ. दिवसभर जिच्याकडे तिने बघितलं नव्हतं ती. पट्टी कापताना, लाट दिसल्यावर, शब्द वाचल्यावर, आर्टची चिठ्ठी उघडल्यावर ती गुणगुणत होती. दोन हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा. कुणीतरी आपल्याला विचारलं, आपल्याशिवाय कुणाचं अडलं, एवढ्याशा गोष्टीवर ती आठ वाजता टॅम्पाला विकली गेली होती, गसने ते नाव ऐकण्याच्या किती आधी, आर्टच्याही टोपीपेक्षा स्वस्तात.

दिवसभरात आला नव्हता इतका राग तिला आता आला. तो इतका मोठा होता की त्याला जुन्या सभागृहाच्या पार्किंगमध्ये जागा पुरली नसती, आणि मालक, समिती, टॅम्पा यांच्यापैकी कुणाचाच चेहरा त्याच्यावर बसेना. ती प्रुइटच्या पाठीवर पालथा हात ठेवून उभी राहिली. मशीनच्या सुईची ऊब कापडातून अजून लागत होती, आणि ती ऊब आपल्याला आवडते आहे की नाही हे तिला ठरवता येईना.