निळी वरात

इंदिराबाईंची नवी कवळी देवासच्या डॉक्टरांकडून मिळायची होती, म्हणून त्या धारहून चार दिवस नातीकडे राहायला आल्या होत्या. कवळी शनिवारी मिळाली. रविवारी दुपारी ती हिरडीला टोचत होती आणि बाई आतल्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या. तेव्हाच बाहेरच्या खोलीत कुणीतरी त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीची चूक मोठ्यानं बोलून दाखवली.

"बारा मिनिटं, भिया. पूरे बारा मिनिटं सगळं निळं. शादी है की शोकसभा, समजतच नाही."

बोलणारा अमन होता; समोरच्या कुणालाही तो इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचा. लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करून ते जोडून देणं हा त्याचा धंदा. बाईंचा हात मटाराच्या शेंगेवर थांबला.

नात ऋतिका एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं आणि तिच्या मित्रांनी 'डब्बा मंडळी' नावाचा एक क्लब काढला होता. पडलेल्या सिनेमाचा डब्बा गोल झाला असं तिकडे म्हणतात, त्यावरून हे नाव. महिन्यातून एकदा ही मंडळी आपल्याकडचा एखादा पडलेला कार्टून सिनेमा निवडत, घरून बघून येत आणि मग दोन तास भांडत. शेवटी तो कुणामुळे पडला ते चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, असा नियम होता. एका चिठ्ठीवर 'अकरा गाणी' असं होतं, दुसरीवर 'वाघाला आवाज देणारे गृहस्थ'. आदल्या दिवशी ऋतिकानं हे सगळं हसत हसत सांगितलं होतं, आणि बाईही हसल्या होत्या. आजचा सिनेमा कोणता, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

आजचा सिनेमा होता 'घुंघरू ऊँट'.

तो २००१ साली इंदूरला तयार झाला. नीलकंठराव नावाच्या एका हौशी माणसानं भाड्याच्या दोन खोल्यांत आठ मुलं बसवून तो केला. माणसं आणि जनावरं तिथंच कॉम्प्युटरवर रंगत. त्यांच्या मागचे डोंगर, वेशी, तंबू, आभाळ मात्र हातानं कागदावर रंगवलं जाई, आणि ते काम धारच्या मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडे होतं. त्या बाई म्हणजे इंदिराबाई. दर सोमवारी सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे त्या पत्र्याचं चपटं पेटारं द्यायच्या, आणि इंदूरच्या स्टँडवर नीलकंठरावांचा माणूस ते उतरवून घ्यायचा. नोकरी सरकारी, त्यामुळे सिनेमात नाव द्यायचं नाही असं ठरलं होतं. हे काम घरात सासूबाईंना ठाऊक होतं, यजमानांना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. ऋतिका तेव्हा जन्मलीही नव्हती.

वरातीचा प्रसंग शेवटचा होता. फुलकुँवर नावाची मुलगी घुंघरू उंटावर बसून सासरी निघते, एवढाच. बाईंनी महिनाभर आधी कच्ची चित्रं करून ठेवली होती. तंबूंवर बाग गावच्या छाप्याची वेलबुट्टी, तोरणं, झेंडे, पायघड्या, सगळीकडे लाल आणि हळदीचा पिवळा. रंग भरायला घ्यायचे त्याच दिवशी यजमानांचे काका, बळवंतराव, गेले.

घरात दहा दिवसांचं सुतक आलं. पेटारं आठव्या दिवशी बसवर चढायचं होतं.

सासूबाई, म्हणजे आईसाहेब, जुन्या वळणाच्या होत्या, पण दुष्ट मुळीच नव्हत्या. त्या म्हणाल्या, "काम कर. काम कुणी अडवत नाही. पण हळदीकुंकवाचे रंग या घरात दहा दिवस उघडायचे नाहीत." आणि त्यांनी लाल, पिवळ्या, केशरी रंगांच्या बाटल्या स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून कपाटावर ठेवल्या. उरला निळा, काळा, पांढरा आणि थोडा हिरवा. बाईंनी बारा मिनिटांची वरात त्यात रंगवली.

नीलकंठरावांना त्या कळवू शकल्या असत्या. शेजारच्या दवाखान्यात फोन होता. पण सुतकाच्या घरातून लग्नाची चित्रं आलीत म्हटल्यावर कुणी ती हातात तरी घेतली असती का? या भीतीनं त्या काहीच बोलल्या नाहीत. पेटारं गेलं. उलट काही निरोप आला नाही. मार्चमध्ये सिनेमा लागला आणि चौथ्या दिवशी उतरला. शाळेच्या स्टाफरूममध्ये इंदूरचा पेपर पडलेला असायचा, त्यात मथळा होता: 'यह बारात है या शवयात्रा?' बाईंनी तो पेपर घडी घालून जागेवर ठेवला आणि सहावीच्या वर्गावर गेल्या. पुढे दोन महिन्यांत नीलकंठरावांच्या खोल्यांना कुलूप लागलं, आठही मुलं पांगली.

तो सिनेमा बाईंनी कधी पाहिला नाही. नीलकंठराव तीन वर्षांनी एकदा दिसले, इंदूरच्या एका साडीच्या दुकानात. बाई निवडलेली साडी तशीच टाकून मागच्या दारानं निघून गेल्या होत्या.

"तू चुकतोयस," बाहेर आता शुभंकर बोलत होता. हा औषधांच्या दुकानात काम करायचा, आणि कुणाचंही औषध समजावून सांगावं तसा सावकाश बोलायचा. "त्या मुलीला जायचंच नाहीये. ती उंटावर बसून सारखी मागे बघते. तिला लग्न जसं दिसतंय, तसं ते रंगवलंय."

"अरे, तिला दिसू दे ना. मला का दाखवतो? मी महिन्याला सहा शाद्या एडिट करतो. लाल जरासा फिका झाला तर दुल्हन की मम्मी रात को फोन करते. आणि इथे तोरण निळं, पायघडी काळी. हत्तीची झूल तेवढी हिरवी, बिचाऱ्याला मळमळत असणार."

"हत्ती गोड आहे."

"हत्ती गोडच आहे. सिनेमा डुबला ना पण. मी सात वर्षांचा होतो, पापा घेऊन गेले होते. हॉलमध्ये नऊ माणसं. समोसेवाला पण आमच्याजवळ येऊन बसला. त्या वरातीत तो झोपला, भिया. समोसे सांडले."

सगळे हसले. ऋतिकाही हसली. बाईंना ते हसू ओळखीचं वाटलं. पंचवीस वर्षं त्या तेच ऐकायच्या तयारीत होत्या.

"म्हणजे चिठ्ठी काय लिहायची?" ऋतिका म्हणाली.

"लिही. जिसने बारात रंगी, उसके कारण. नाव कुठंच नाहीये त्याचं, मी टायटल तीन वेळा बघितले. भाग गया होगा."

"थांब जरा. लिहायच्या आधी एक पाहुणे यायचेत. तुमच्यासाठी सरप्राइज आहे. ज्यांनी सिनेमा बनवला ते येतायत. नीलकंठकाका. इंदूरहून, पुतण्याच्या गाडीनं."

बाई उठल्या. मटाराचं ताट पलंगावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून मागच्या दारानं खाली उतरता येत होतं. कडीला हात लावल्यावर त्यांना ते साडीचं दुकान आठवलं. तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या आणि भरभर चालत होत्या. आता शहात्तराव्या वर्षी तोंडात टोचती कवळी घेऊन तीन मजले उतरायचे, आणि मग रस्त्यावर उभं राहून करायचं काय? त्यांनी कडी सोडली आणि चहाचं आधण ठेवलं.

नीलकंठराव आले ते जिन्यातच दमलेले. काठी टेकत खुर्चीत बसले. अमन उठून त्यांच्या पाया पडला आणि लगेच म्हणाला, "काका, बुरा मत मानना, पण तुमची वरात ज्यानं रंगवली, त्यानं तुमचा सिनेमा बुडवला. आज मी ते चिठ्ठीवर लिहिणार."

"अमन," ऋतिका दटावून म्हणाली.

बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी नीलकंठरावांकडे पाहिलं नाही. ट्रे टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि अमनला म्हणाल्या, "लिहा. इंदिराबाई असं लिहा. धार."

कुणाला काही कळलं नाही. ऋतिका म्हणाली, "आजीसाहेब, काय लिहा?"

"मागची सगळी चित्रं माझी होती. घरात सुतक होतं. लाल-पिवळे रंग आईसाहेबांनी बांधून ठेवले होते. मी न कळवता निळी वरात पाठवली." एवढं बोलून त्या पहिल्यांदा खुर्चीकडे वळल्या. "नीलकंठराव, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचं सगळं गेलं माझ्यामुळे."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"सुतक होतं होय," तो म्हणाला. "आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, की बाईंना फार पुढचं दिसत होतं."

शुभंकर खुसकन हसला.

"बसा बाई. तुम्ही उभ्या राहिलात की मला मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं होतं." नीलकंठरावांनी काठी बाजूला ठेवली. "ते पेटारं मी माझ्या हातानं उघडलं. मुलं म्हणाली, काका, बाईंचा रंग संपला वाटतं, परत पाठवा. माझ्याकडे वेळ होता. तीन आठवडे होते. तुम्हाला वाटलं आठव्या दिवशी नाही पोचलं तर सगळं अडेल, पण तारीख मी सगळ्यांना तीन आठवडे अलीकडची सांगायचो. नाहीतर इंदूरात कोण वेळेवर काम देतो?"

"तीन आठवडे?" बाई खाली बसल्या.

"तीन. मी ती चित्रं भिंतीवर लावली आणि दोन दिवस बघितली. मग म्हटलं, हेच ठेवायचं. ते माझं काम होतं, बाई, ठरवायचं. तुम्ही लाल पाठवलं असतं तर लाल ठेवलं असतं. निळं आलं, ते मला आवडलं, मी ठेवलं. यात तुमचा दोष कुठून आला?"

"मग सिनेमा पडला का?" अमननं विचारलं. त्याला अजून सोडायचं नव्हतं.

"किती तारखेला लागला होता, माहीत आहे?"

"मार्चमध्ये."

"नऊ मार्च. मोठ्या सिनेमांनी थिएटरं रिकामी सोडलेली. मी म्हटलं, वा, काय मौका आहे. का रिकामी सोडलीत, ते कुणाला विचारलं नाही. मला मूल-बाळ नाही. घरात कधी कुणी परीक्षेला बसलं नाही. लहान मुलांचा सिनेमा मी परीक्षेच्या आठवड्यात लावला. देवास, इंदूर, उज्जैन, सगळीकडे. अख्ख्या माळव्यात एक मूल घराबाहेर नव्हतं."

मग अमन हळूच म्हणाला, "दूसरे दिन मेरा गणित का पेपर था."

"काय?"

"मम्मीला सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर मला पण डाँट पडली आणि पापाला पण." तो स्वतःच आठवून चकित झाला होता. "मी आजपर्यंत समजत होतो, की पिक्चर बोअर होता म्हणून हॉल खाली होता."

"आणि तो समोसेवाला?" शुभंकरनं विचारलं.

"वो तो शायद ऐसे ही सोता होगा."

आता मात्र सगळे मोकळे हसले, आणि त्या हसण्यात इंदिराबाईंना आपलाही आवाज ऐकू आला. कवळी जरा सरकली, त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि तरीही हसत राहिल्या. कित्येक वर्षं पाठीवर बांधलेलं गाठोडं कुणीतरी येऊन उतरवून घ्यावं आणि म्हणावं, अहो, हे तर माझं होतं, तसं त्यांना झालं होतं.

"पण मग तुम्ही नंतर कधी भेटला नाहीत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, राग आहे."

"माझा राग? बाई, तुमचं नाव सिनेमात नव्हतं. बाकी सगळ्यांची होती, चहावाल्याचंसुद्धा होतं. नोकरीचं कारण ठरलं होतं खरं, पण मला वाटायचं, एखादं खोटं नाव तरी घालायला हवं होतं. तुम्ही चिडला असाल. एकदा त्या साडीच्या दुकानात तुम्ही दिसलात..."

बाई ताठ झाल्या.

"...तर मी खांबामागे लपलो. पंधरा मिनिटं. बाहेर आलो तर तुम्ही निघून गेलेल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

"मी मागच्या दारानं गेले होते," इंदिराबाई म्हणाल्या. "साडी टाकून. चांगली साडी होती हो."

ऋतिका आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. "आजीसाहेब, तुम्ही सिनेमात काम केलंय आणि मला पंचवीस वर्षांनी कळतंय? मी कॉलेजात याच सिनेमावर प्रोजेक्ट केलं होतं."

"मला कुठं ठाऊक? तू इंग्रजीत लिहिलं होतंस. मी अक्षराला नावं ठेवली आणि परत दिलं."

चिठ्ठी शेवटी शुभंकरनं लिहिली. 'नऊ मार्च' एवढंच. नीलकंठरावांनी खाली स्वतःची सही केली आणि चिठ्ठी डब्यात टाकली. अमन म्हणाला, की वरात त्याला अजूनही निळीच वाटते, पण आता तो ती परत एकदा बघेल. ऋतिकानं तेवढ्यात लॅपटॉप टीव्हीला जोडला होता.

"मी हे पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

ऋतिकानं पडदे ओढले आणि नेमका तोच भाग लावला.

आधी आभाळ आलं, त्यांचं स्वतःचं, धारच्या गच्चीवर बसून केलेलं. मग निळ्या वेशी, काळ्या वेलबुट्टीचे तंबू, राखी झेंडे. हिरव्या झुलीचा हत्ती गेला. आणि मग वळणावरून उंट आला, त्यावर फुलकुँवर. तिला इंदूरच्या मुलांनी कॉम्प्युटरवर रंगवलं होतं, बाकीची माणसं आणि हत्ती त्यांनी मागच्या रंगांशी जुळवून घेतले होते, पण त्यांच्या घरात सुतक नव्हतं, आणि तिला त्यांनी लालभडक ओढणी दिली होती. बारा मिनिटांत लाल असं तेवढंच. गर्दीत कुठंही गेली तरी नजर तिच्यावरून हलत नव्हती. अगदी लांबच्या डोंगरावर ती टाचणीच्या डोक्याएवढी उरली, तरी दिसत होती.

टीव्हीच्या उजेडात अमन पुढे सरकून बसला होता.

इंदिराबाई मात्र एकदम म्हणाल्या, "थांबव. मागे घे जरा. त्या तिसऱ्या तंबूला दोरीच नाहीये. मी विसरले."

"बाई," नीलकंठराव म्हणाले, "आता सांगताय?"

"आता दिसलं," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "चालू दे."