नकाशातली पांढरी दरी

त्या फुलाचं नावच मुळी मुताचं भांडं. सोलपासून लांब, ह्वाचनच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या पूर्वी खोलीच्या कोपऱ्यात जे गोल पोटाचं भांडं ठेवायच्या, तसंच दिसतं म्हणून. नाव असलं, पण रूप असं, की चांगली शिकलीसवरली माणसं त्याच्यासाठी चोरासारखी रानात शिरतात आणि मुळासकट उपटून घरच्या कुंडीत लावतात. ते काही जगत नाही. त्याच्या मुळांना त्याच मातीतली बुरशी लागते; ती नसली की सुकून जातं. इनहेने हे जिथे तिथे सांगून पाहिलं. ऐकतंय कोण?

इनहे युनिव्हर्सिटीत वनस्पतींवर संशोधन करायची. उतार, धुकं, माती, सावली सगळं कॉम्प्युटरला पुरवायचं आणि कुठलं रोप कुठे उगवू शकेल याचा नकाशा काढायचा. उगवेल तिथे लाल, नाही तिथे पांढरा. नोकरी वर्षाच्या कराराची. चाळिशी आली तरी दर फेब्रुवारीत करार पुन्हा होतो की नाही याची वाट बघायची.

या फुलाचा पहिला नकाशा तिने मुद्दाम पुसट काढला होता, चोरांना नेमकी जागा कळू नये म्हणून. पण तिचे प्रोफेसर, प्यो सर, म्हणाले, "असला धुरकट नकाशा कोण छापणार? बारीक चौकोनांचा कर." तिने केला. छापून आला, वाहवा झाली. पुढच्या मे महिन्यात दोघं फुलं बघायला गेली, तर प्रत्येक लाल चौकोनात खड्डा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर दळणारीला दोन्ही डोळे होते.

"वाईट झालं," प्यो सर खड्ड्याचा फोटो काढत म्हणाले. "पण बघ, तुझा एकही चौकोन चुकला नाही."

परतीच्या वाटेवर इनहे त्यांच्यापासून दहा पावलं मागे चालत राहिली.

त्यानंतर सोत्गोल दरीत तिला एक ताटवा सापडला, कुणी हात न लावलेला. नव्या नकाशासाठी चालवलेल्या कॉम्प्युटरच्या मॉडेलनेच दाखवलेला. ती तिथे गुडघ्यांवर बसून पोटभर रडली. घरी आली आणि नव्या नकाशात ती दरी तिने स्वतःच्या हाताने पांढरी करून टाकली. कुणाला सांगितलं नाही, प्यो सरांना तर नाहीच.

आणि नेमकी तेव्हाच कायमची जागा निघाली. अगदी तिच्यासाठीच बेतल्यासारखी. प्यो सर मुलाखतीच्या समितीत होते. सगळे म्हणत होते, इनहेचंच काम होणार. तिच्या आईने तर देवळात जाऊन दिवाही लावला.

मुलाखत छान चालली होती. मग समितीवर राजधानी सोलहून आलेल्या एका बाईंनी पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं. "ही दरी पांढरी कशी? दोन्ही अंगांना लाल आहे. उतार तोच, धुकं तेच."

इनहे हातातले कागद चाळू लागली.

"अगं, तू जाऊन बघितलं असशील ना तिथे?" प्यो सरांनी हात दिला. "मग सांग की."

सांगितलं असतं तर जागा तिची होती. पण सांगितलेलं अहवालात जातं आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला असतो.

"मॉडेल चुकलं असेल तिथे," ती म्हणाली. "माझ्या लक्षात आलं नाही."

बाहेर व्हरांड्यात प्यो सरांनी कागदी कपातली कॉफी तिच्या हातात कोंबली. "चुकलं म्हणे. इतकी वर्षं काय तुला हेच शिकवलं मी? पुढे केलेला हात धरता येत नाही, तर बुड मग."

जागा ग्यूहोला मिळाली. तिचाच ज्युनिअर, भला पोरगा; तिनेच त्याला नकाशे काढायला शिकवलं होतं. इनहेचा करार पुन्हा झाला नाही. ती आईकडे राहायला गेली.

एप्रिल संपता संपता ग्यूहोचा फोन आला.

"ताई, रागावू नकोस हं. तुझ्या नकाशातली ती चूक मी दुरुस्त केली. सोत्गोल आता लालभडक आली बघ. मागच्या आठवड्यात नकाशा वेबसाइटवर टाकलासुद्धा. शेवटी तुझे आभार मानलेत."

इनहेने खोलीचं दार लावून घेतलं. मग तिने त्याला सगळं सांगितलं.

"आत्ता वेबसाइटवरून काढतो, ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पण शेकडो लोकांनी उतरवून घेतलाय गं तो. तू मला आधी का नाही बोललीस?"

स्वतःच्या गुरूवर विश्वास उरला नव्हता, तो शिष्यावर कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती सोत्गोलला गेली. चोर अजून आले नव्हते. ताटवा जागेवर होता, घडीच्या घाघऱ्यासारखी पानं पसरून, पानांमध्ये कळ्या धरून. उचलून दुसरीकडे लावावा तर मरणार. कुंपण घालावं तर चोराला आपणच पत्ता दिल्यासारखं. तिने पिशवीतून कात्री काढली.

एकेक दांडा तिने मातीलगत कापला, कळीसकट. कापलेलं सगळं पिशवीत भरलं आणि वर ओकचा पालापाचोळा पसरला. शेवटच्या रोपावर एक फूल उमललेलं होतं. त्याच्याशी हात थबकला. सगळ्या खड्ड्यांनंतर एवढं एक फूल बघायला मिळावं म्हणून तिने नोकरी घालवली होती. तिने ते नीट पाहून घेतलं आणि कापलं.

चोर आले तरी त्यांना दिसावं असं आता तिथे काहीच नव्हतं. दरी नकाशात होती तशी पांढरी झाली.

मुळं जमिनीत होती. पुढच्या वसंतात ती पुन्हा कोंब काढणार, आणि तिला पुन्हा कात्री घेऊन यावं लागणार. मुळं असं किती वर्षं सोसतील, ते तिला माहीत होतं. फार नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन बसची वाट बघत बसली.