चपलेपुरतं उघडं दार

त्या वरच्या खोलीत मी गेले ती ड्रम विकायच्या निमित्ताने. धाकट्याचा ड्रमसेट घरात डोळ्यांसमोर ठेवणं मला अशक्य झालं होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, आमच्या बँडचा ड्रमर. आम्ही कार्यक्रमाहून परतत असताना गाडीला अपघात झाला, त्यात तो गेला. गाडी तोच चालवत होता, मी त्याच्या शेजारच्याच सीटवर होते. कपाळावर टाके घेऊन घरी आले. तेव्हापासून माझा आवाज गेला. म्हणजे बोलायला होता, भांडायला तर फक्कड होता, पण गायला तोंड उघडलं की घशात कुणीतरी बूच मारल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, घशाला काहीही झालेलं नाही. मी म्हटलं, मग मी काय नाटकं करतेय का?

पेटीवाले काका वाद्यं दुरुस्त करतात. आम्हा दोघांना ते लहानपणापासून ओळखायचे. ड्रमसेट त्यांच्या दुकानात नेला, तेव्हा त्यांनी एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "राहू दे इथे. विकायची घाई करू नकोस. आधी गुरुवारी संध्याकाळी वर येऊन बस."

"काका, मला देवबिव जमत नाही. आणि गाणार तर मुळीच नाही."

"तुला गायला सांगतंय कोण? नुसती बस म्हटलं."

दुकानाच्या वरच्या खोलीत दहाबारा माणसं जमायची. पद्धत अशी की सगळ्यांनी डोळे मिटायचे, काकांनी पेटीवर एकच सूर धरायचा, आणि ज्याने त्याने आपली पाळी आली की देवाला एक वाक्य सांगायचं. एकच. कुणी उत्तर द्यायचं नाही, कुणी समजूत घालायची नाही, आणि खोलीतलं वाक्य खोलीतच ठेवायचं. शेवटी सगळ्यांनी तोंड मिटून तोच सूर गुणगुणायचा आणि घरी जायचं.

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. एक आजोबा म्हणाले, "देवा, गुडघा," आणि गप्प झाले. माझी पाळी आली तेव्हा मी पत्ते खेळत असल्यासारखं "पास" म्हटलं. कुणी रागावलं नाही. पुढेही दर गुरुवारी मी "पास"च म्हणत राहिले. पण त्या पहिल्याच दिवशी शेवटचं ते गुणगुणणं सुरू झालं आणि तेवढ्या माणसांच्या सुरात माझाही सूर निघाला, बंद तोंडातून, बारीक. मी हमसून हमसून रडले. बाजूच्यांनी फक्त जरा सरकून जागा करून दिली.

दाराला लागून टेलरबाई बसायच्या. कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण खोलीचं दार मात्र पूर्ण लावू द्यायच्या नाहीत. स्वतःची एक चप्पल फटीत अडकवून ठेवायच्या. बाहेर कडाक्याची थंडी आणि ते वारं नेमकं माझ्या पाठीत.

"बाई, तुमच्या चपलेपायी मला न्यूमोनिया होणार एक दिवस," मी एकदा म्हटलं.

त्या हसल्या, अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यांवर टाकली, आणि चप्पल आहे तिथेच राहू दिली. पाळी आली की त्यांचं वाक्य दर वेळी तेच असायचं. "देवा, दार मी आतून लावलं होतं."

आता गाणाऱ्यांना एक वाईट खोड असते. कुणी जिन्यावरून गडगडलं तरी आधी कानाला कळतं की कुठल्या पट्टीत ओरडलं. बाई "दार" जरा लांबवायच्या, "आतून"नंतर किंचित थांबायच्या आणि "होतं"वर खाली उतरायच्या. चाल आयती होती. मला वाटलं, हे तर माझंच. मीच स्वतःला आत कोंडून घेतलंय, कडी माझ्याच हाताने लावलीय. त्याच रात्री मी अंतरे लिहिले. आणि गायला बसले तर आवाज आला! पहिल्यांदा, पूर्ण, उघड्या तोंडाने. मी आनंदाने घरभर नाचले.

खोलीतलं वाक्य खोलीत ठेवायचं असतं, हे आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी म्हटलं, जाऊ दे, कुणाला कळतंय.

आमच्या बँडचा गिटारवाला ऐकून उडालाच. नवा ड्रमर घ्यायला आमचं दोघांचंही मन तयार नव्हतं, म्हणून धाकट्याचा सामान ठेवायचा लाकडी खोका मध्ये ठेवून त्याने त्यावर बोटांच्या पेरांनी ठेका धरला. ठक ठक ठक, थोडं थांबून ठक ठक. दारावरची थापच. "इथे लोकांनाही ठोकायला लावू," तो म्हणाला. "सगळं सभागृह ठोकतंय, विचार कर!" मी विचार केला आणि माझ्या अंगावर काटा आला, कौतुकाने.

महिन्याभरात आमचा कार्यक्रम ठरला, अपघातानंतरचा पहिलाच. मी पुढची सगळी रांग बैठकीतल्या माणसांसाठी ठेवली. बाईंना आधी विचारलं का? नाही. विचारायचं डोक्यातही आलं नाही. उलट मला वाटत होतं की बाईंना केवढा आनंद होईल, आपलं साधं वाक्य स्टेजवरून ऐकताना. इतकी मी शेफारले होते. त्याही बिचाऱ्या इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि मला बघून लहान मुलीसारखा हात हलवला.

ते गाणं शेवटी ठेवलं होतं. मी पहिली ओळ घेतली आणि गिटारवाल्याने खोक्यावर थाप सुरू केली. त्याने खूण करताच लोकांनी खुर्च्यांच्या हातांवर ठोकायला सुरुवात केली. अख्खं सभागृह दार वाजवत होतं. मी शाबासकीसाठी पुढच्या रांगेकडे पाहिलं.

बाई उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्या स्टेजकडे बघतच नव्हत्या. सभागृहाच्या बाजूच्या भिंतीतल्या बंद दाराकडे बघत होत्या. मी इतकी जवळ होते की मला ऐकू आलं. "आले रे, आले. उघडते." त्या धडपडत दाराशी गेल्या आणि दोन्ही हातांनी कडी चाचपायला लागल्या. ती सापडेना. काका धावत त्यांच्या मागे गेले.

आणि मी गात राहिले. हे सांगताना आजही मान वर होत नाही. बाई दाराशी झगडत होत्या ते मी डोळ्यांनी बघत होते, आणि तरी मी शेवटचा अंतरा पूर्ण केला, कारण वरचा सूर कधी नव्हे तो इतका सुरेख लागला होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी वाकून नमस्कारसुद्धा केला.

काका नंतर मागच्या खोलीत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तिचा मुलगा दम्याचा होता. कशावरून तरी दोघांचं भांडण झालं, तो तणतणत बाहेर गेला आणि हिने रागाच्या भरात कडी लावली. तो परत आला, दार वाजवत राहिला. हिला वाटलं, राहू दे जरा उभा, उतरेल मस्ती. त्याचा पंप आत टेबलावर होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिटारवाला म्हणाला, "आपल्याला काय माहीत होतं?" मी म्हटलं, माहीत नव्हतं, पण ते वाक्य आपलं नाही एवढं तर माहीत होतं ना? सोमवारी रेकॉर्डिंग ठरलं होतं. मी नाही म्हटलं. तो भडकला. "डोकं फिरलंय तुझं! याच गाण्याने उभी राहिलीस तू!"

"हो. कुणाच्या छातीवर पाय देऊन उभी राहिले ते बघ," मी म्हटलं आणि रडायला लागले. त्याने गिटार खोळीत घातली आणि निघून गेला.

माफी मागायला बाईंच्या दुकानासमोर गेले. त्या मशीनवर बसून कुणाचातरी कोट उसवत होत्या. मी रस्ता ओलांडू शकले नाही. तोंडाळ बाई मी, एरवी कुणाला ऐकत नाही, आणि त्या दिवशी "चुकलं" एवढा एक शब्द माझ्याने सुटला नाही. तशीच परत आले.

गुरुवारी काकांच्या दुकानाचा जिना चढले तेव्हा बैठक सुरू झाली होती. फटीत बाईंची चप्पल होती. दार वाजवणं शक्यच नव्हतं, हात वर झाला आणि तसाच खाली आला. ढकलून आत जायचीही हिंमत होईना. मी बाहेर वरच्या पायरीवर बसले. आतून पेटीचा सूर येत होता. आजोबांनी गुडघा सांगितला. एकेक पाळी पुढे सरकत दारापाशी आली.

बाईंची पाळी.

पेटी वाजत राहिली. मी वाट पाहिली. काकांनी भाता दोनदा भरला असेल, पण बाई बोलल्या नाहीत. मग त्यांचा श्वास ऐकू आला, वाक्य सुरू करायला घेतात तसा, आणि तो तसाच सुटला. इतकी वर्षं त्यांनी ते वाक्य जपून देवापुढे ठेवलं होतं. मी त्याला चाल लावली, ठेका लावला, लोकांना ठोकायला लावलं. आता ते तोंडातून काढायचं तर त्याच्यामागे तो ठेका येणार होता. त्यांच्याकडे तेवढं एकच वाक्य होतं आणि ते मी बिघडवून ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की तोंड गुडघ्यांत घातलं तरी ती लपेना.

त्यांच्यानंतर माझी जागा असायची. सूर थांबला नव्हता. मी "पास" म्हणू शकले असते. पण बाईंचं वाक्य मी का उचललं ते मला तिथे पायरीवर कळलं. स्वतःचं काढायचं नव्हतं म्हणून. मी दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"देवा," मी म्हटलं, "भर दुपार होती आणि धाकटा म्हणाला, ताई, डोळे मिटतायत, जरा थांबू, आणि मी म्हटलं, एवढी चाल पक्की होऊ दे, मग थांबू."

आवाज फाटका निघाला. त्यात सूर नव्हता, काही नव्हतं. आत सगळे गप्प. नियमच होता तो.

मग दाराशी हालचाल झाली. चप्पल आत ओढली गेली आणि दार पूर्ण उघडलं. टेलरबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मारतील, आणि मारावं असं मनापासून वाटलं. त्यांनी आपल्या जागेशेजारी बोट दाखवलं.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "आणि याचं गाणं करू नकोस."